झोपणार सहा, बसणार चार

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे एकाच विषयाची पत्रं येऊ लागतात: घर सोबत घेऊन फिरायचंय, गाडी कोणती घेऊ? आम्ही दोघं आणि मुलं बरीच वर्षं असे हिंडलो आहोत. आधी तंबू, मग ट्रेलर, म्हणजे कारमागे ओढायचं घर, आता एक लहानशी कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची सोय केलेली व्हॅन. म्हणून संपादकांनी हा गठ्ठा माझ्याकडे सरकवला. कंपन्यांची नावं सुचवणार नाही. मॉडेल दरवर्षी बदलतात आणि ज्या गोष्टींवरून सहल बिघडते त्या कंपनीपेक्षा गाडीच्या मांडणीत आणि वजनात दडलेल्या असतात.

ताई, आम्ही नवरा-बायको, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ६ वर्षांचा. एका प्रदर्शनात सहा जणांच्या झोपायची सोय असलेली मोटरहोम, म्हणजे मोठ्या गाडीतलं घरच, पाहिली आणि सगळेच प्रेमात पडलो. भाऊ म्हणतो ट्रेलर घ्या, मेहुणा म्हणतो कॅम्परव्हॅन. काय घ्यावं?

प्रदर्शनातली गाडी रिकामी असते, स्वच्छ असते आणि बाहेर पाऊस नसतो. तुमच्या सहलीत यातलं काहीच नसणार. म्हणून पुन्हा पाहायला जाल तेव्हा चौघंही एकदम आत शिरा, दार लावून घ्या आणि रात्रीची रंगीत तालीम करा. टेबल खाली करा, गाद्या जोडा, मुलांना आडवं करा. आता मोठ्यांपैकी एकाला बाथरूमला जायचंय. तो कोणाच्या अंगावरून जाणार? तुमचे जॅकेट कुठे लटकले? चिखलाचे आठ बूट कुठे गेले? विक्रेता जरा विचित्र नजरेने बघेल. बघू दे.

या तालमीत एक गोष्ट लगेच कळते. ज्या टेबलावर जेवायचं तेच रात्री मुलांचा पलंग होणार असेल, तर मुलं झोपल्यावर तुम्हाला बसायला जागाच उरत नाही. साडेआठला दिवे घालवून दोघांनी पुढच्या सीटवर कुजबुजत बसायचं. पहिल्या रात्री मजा वाटते, चौथ्या रात्री भांडण होतं. शिवाय रोज संध्याकाळी पलंग बांधा, रोज सकाळी मोडा. माझं ठाम मत असं की निदान मुलांचे पलंग कायमचे हवेत, एकावर एक असले तरी चालतील. वरच्याला कठडा मात्र पाहिजे.

आता त्या 'सहा'बद्दल. जाहिरातीतला आकडा पलंगांचा असतो, सीटबेल्टचा नसतो. सहा झोपणार आणि चारच बसणार अशा गाड्या सर्रास दिसतात. चालत्या गाडीत प्रत्येकाला बेल्टची सीट हवी आणि मुलांना त्यांच्या वयाची सीटही त्याच जागी बसवता यायला हवी. भिंतीला लागून आडव्या ठेवलेल्या बाकावर बेल्ट लावलेला असला तरी मी मूल बसवणार नाही. तो बाक गाडी उभी असतानाचा. आणि ट्रेलर ओढत असाल तर चालताना ट्रेलरमध्ये कोणीच नाही, 'जरा पाठ टेकते' म्हणूनसुद्धा नाही.

तुमच्या भावाचं आणि मेहुण्याचं, दोघांचंही बरोबर आहे, पण आपापल्या सहलींपुरतं. एका ठिकाणी चार-पाच दिवस मुक्काम करून आसपास भटकायचं असेल तर ट्रेलर उत्तम. घर तिथेच राहतं, गाडी मोकळी होते. दूध आणायला सगळा संसार आवरून निघावं लागत नाही. रोज नवं गाव असेल तर मोटरहोम, कारण पोचल्यावर फक्त थांबायचं असतं. कॅम्परव्हॅन अरुंद रस्त्यांना आणि साध्या पार्किंगला चालते, पण चौघांत पावसाचे दोन दिवस त्यात काढायचे म्हणजे एकमेकांवर फार प्रेम हवं. मुलं लहान आहेत तोवर तुम्ही एकाच जागी जास्त राहाल असं मला वाटतं. सहा वर्षांच्या मुलाला नवी जागा नको असते, कालचाच ओढा परत हवा असतो.

मात्र यातलं काहीही घेण्याआधी भाड्याने घ्या, आणि शक्य असेल तर ज्या मांडणीची घ्यायची आहे त्याच मांडणीची. कशी गाडी नको, हे दोन रात्रींत लख्ख कळतं. भाड्यापायी गेलेले पैसे वाया गेले असं समजू नका.

आमच्या कारला ट्रेलर जोडायचा आहे. विक्रेता म्हणतो, 'तुमची गाडी आरामात ओढेल.' विश्वास ठेवू का?

'आरामात' हे वजन नाही. कारच्या पुस्तिकेत आणि दाराच्या चौकटीजवळच्या पट्टीवर तीन-चार आकडे असतात, ते लिहून घ्या. ट्रेलरचं जास्तीत जास्त वजन किती चालेल, कार आणि ट्रेलर मिळून किती, हिचच्या, म्हणजे कारमागे ट्रेलर अडकवायच्या जोडाच्या, गोळ्यावर खाली दाबणारा भार किती, आणि कारमध्ये माणसं-सामान मिळून किती. यातला एकही ओलांडला की बाकीचे बरोबर असून उपयोग नाही. आणि ट्रेलरचं वजन म्हणजे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या ट्रेलरचं नव्हे, तुम्ही भरल्यानंतरचं.

सगळ्यात दुर्लक्षित आकडा हिचवरच्या भाराचा. तो फार कमी झाला, म्हणजे जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला गेलं, की वेग वाढल्यावर ट्रेलर डोलू लागतो आणि कारची शेपटी इकडून तिकडे फेकतो. अमेरिकेत हा भार ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवतात. युरोपातल्या कार आणि ट्रेलर वेगळ्या हिशेबाने बनतात, तिथे तो बराच कमी असतो. म्हणून टक्केवारी ऐकीव घेऊ नका, तुमच्या जोडीसाठी जे छापलंय ते पाळा. जड वस्तू खाली आणि आसाजवळ, म्हणजे चाकांना जोडणाऱ्या दांड्याजवळ, हलक्या वर, आणि मागच्या टोकाला सायकली लावण्याआधी दहा वेळा विचार. डोलायला लागलाच तर स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, हिसके देऊन सावरायला जाऊ नका.

मोटरहोमवाल्यांनीही हसू नये, वजनाने त्यांनाही सोडलेलं नाही. समजा गाडीची कायदेशीर मर्यादा ३५०० किलो आहे आणि चालकासह तयार गाडी ३१०० किलोची. उरले ४००. बाकीची तीन माणसं १३५. शंभर लिटर पाणी म्हणजे १०० किलो, यात घासाघीस होत नाही. बाहेरचं छत ३०, जादा बॅटरी २५, चार सायकली आणि त्यांचा स्टँड ७५, टेबल-खुर्च्या २५. झाले ३९०. कपडे, अंथरूण, भांडी, अन्न अजून घरातच आहे आणि जागा १० किलोंची. म्हणून आत किती कपाटं आहेत यावर भाळू नका. कपाटं भरपूर आणि उरलेलं वजन जेमतेम, अशी गाडी मी सर्वात आधी यादीतून काढते. घेतल्यावर एकदा पूर्ण भरून, माणसांसकट, वजनकाट्यावर न्या. पुढचा आणि मागचा आस वेगळा मोजून घ्या.

बारा वर्षांची जुनी मोटरहोम पसंत पडली आहे. आतून नव्यासारखी चकाचक. काय तपासू?

आधी नाकाने. दार उघडल्याबरोबर कुबट वास आला, किंवा उलट सुगंधाचा इतका मारा असला की डोळे चुरचुरले, तर सावध व्हा. या गाड्यांचा शत्रू इंजिन नसतो, पाणी असतं. छप्पर, खिडक्या, झरोके, कोपरे, जिथे जिथे दोन पत्रे जोडलेले किंवा भोकं बुजवलेली असतात तिथला सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, उन्हाने वाळतो, तडकतो, आणि पाणी हळूच भिंतीच्या आत जातं. आतली लाकडी चौकट कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे कपाटांच्या आतले कोपरे, पलंगाखालचा भाग, खिडक्यांच्या खालची भिंत बोटाने दाबत जा. मऊ लागली, कागद फुगलेला दिसला, स्क्रूभोवती डाग दिसले, तर पुढे पाहायची गरज नाही. बाथरूमपाशी आणि दारापाशी फरशीवर टाचेने जोर द्या. बाहेरची भिंत तिरप्या उन्हात बघा, फुगवटे दिसतात. ओल मोजायचं यंत्र मिळतं, ते घेऊन येणारा जाणकार मिळाला तर त्याची फी आनंदाने द्या. आणि शक्यतो पावसानंतर जा, कोरड्या दिवसांत प्रत्येक छप्पर ठणठणीत असतं.

मग टायर. नक्षी छान दिसेल, कारण या गाड्या वर्षातले बरेच महिने उभ्याच असतात. पण रबर उभ्या उभ्याही म्हातारं होतं. टायरच्या बाजूला DOT (डॉट) या अक्षरांनंतर येणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं झालेले टायर मी घासलेले नसले तरी बदलण्याच्या हिशेबात धरते आणि किंमत बोलताना तेवढं कापून घेते.

फ्रिज, हीटर, पंप, गीझर हे सगळं 'चालतं हो' असं ऐकून घेऊ नका, तुमच्यासमोर चालवायला लावा. गॅसवर चालणारा फ्रिज थंड व्हायला काही तास घेतो, म्हणून आदल्या रात्री सुरू करून ठेवायला सांगा. पडदे आणि गाद्या बघायला वेळ घालवू नका, त्या बदलता येतात.

मी घरून काम करते, लॅपटॉप लागतोच. केसांचा ड्रायरही. सोलर पॅनेल लावलं की विजेची चिंता मिटते ना?

लॅपटॉपची मिटते, ड्रायरची नाही. हिशेब सोपा आहे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॉट-तास. शिसं-आम्लाची असेल तर तिचं आयुष्य राखायला निम्मीच वापरायची, म्हणजे ६००. लिथियमची जवळजवळ सगळी वापरता येते. १०० वॉटचं सपाट पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी ३०० ते ४०० वॉट-तास देतं, ढगाळ दिवशी किंवा झाडाखाली त्याचा एक तुकडा. लॅपटॉपला दिवसाचे ३०० पुरतात, पण कॉम्प्रेसरचा फ्रिजही साधारण तेवढेच किंवा जास्त खातो. म्हणजे तुमच्या पॅनेलला दुप्पट व्हावं लागेल, आणि तुम्हाला गाडी उन्हात आणि स्वतःला सावलीत ठेवावं लागेल.

ड्रायर १५०० वॉटचा. १२ व्होल्टच्या बाजूने तो सव्वाशे अँपिअरहून जास्त ओढतो. त्याला मोठा इन्व्हर्टर, जाड वायर आणि दमदार बॅटरी लागते. केस टॉवेलने पुसा किंवा वीज असलेल्या कॅम्पच्या जागेवर उतरा. आणखी एक, लिथियमची बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, थंडीत डोंगरावर जाणार असाल तर आत गरम राहील अशा जागी बसवा.

विचारायला संकोच वाटतो, पण आतल्या शौचालयाचं नेमकं काय करतात?

संकोच सोडा, या प्रश्नाचं उत्तर न देता गाडी विकणारे फार आहेत.

दोन प्रकार. छोट्या गाड्यांत कॅसेट असते. बाहेरच्या दारातून ओढून काढायची पेटी, साधारण १७ ते २० लिटरची. चार जणांच्या कुटुंबात दोन दिवसांत भरते. चाकं असतात, ओढत नेऊन ठरलेल्या जागीच रिकामी करायची. मोठ्या गाड्यांत खाली कायमची टाकी असते आणि जाड नळीने रिकामी करतात. या प्रकारात मुक्कामी झडप उघडी ठेवायची नाही. पाणी वाहून जातं आणि बाकीचं टाकीत वाळून बसतं. झडप बंद, टाकी बऱ्यापैकी भरली की आधी ती सोडायची, नंतर अंघोळीची आणि भांड्यांची टाकी, म्हणजे नळी आपोआप धुऊन निघते. हातमोजे वेगळे, नळ्या वेगळ्या. पिण्याच्या पाण्याची नळी या नळीच्या कप्प्यात कधीही ठेवायची नाही, आमच्याकडे या एका गोष्टीवर लोकशाही नाही. ओले पुसायचे रुमाल आत टाकायचे नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

काम घाणेरडं आहे का? थोडं. दहा मिनिटांचं आहे. रात्री दोन वाजता पावसात लहान मुलाला घेऊन लांबच्या शौचालयापर्यंत चालून गेलात की ही दहा मिनिटं स्वस्त वाटतात.

आईला बरोबर न्यायचंय. वय ७४, गुडघे दुखतात. तिची इच्छा आहे, आमची हिंमत होत नाही.

तिची इच्छा आहे ना, मग गाडी तिच्या मापाने निवडा. पहिली पायरी जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. घडीची पायरी डगमगत असेल तर खाली रुंद, न घसरणारा ठोकळा ठेवा आणि दाराला आतून-बाहेरून धरायला दांडी बसवून घ्या. पलंग खुर्चीच्या उंचीचा आणि दोन बाजूंनी मोकळा. शिडीचा पलंग नातवंडांना द्या. रात्री पायाशी लागेल असा मंद दिवा. बाथरूमचं दार किती अरुंद आहे ते तिला स्वतःला आत पाठवून बघा, आणि कमोडवरून उठताना हात कुठे टेकतो तेही. प्रवास दिवसाला तीन तासांच्या आत ठेवा आणि तिची औषधं गाडीच्या पुढच्या भागात, हाताशी. नंतर तिला विचारा की कुठे जायचं. नाहीतर सगळे मिळून तिची काळजी घेता घेता तिची सहल कधी होणारच नाही.

मी १४ वर्षांची आहे. आईबाबा ट्रेलर घेताहेत. मला जायचं नाहीये. मैत्रिणी नाहीत, नेट नाही, आणि भावाच्या खालच्या पलंगावर झोपायचं. काही उपाय?

वरचा पलंग माग. खरंच सांगते, वयाने मोठी आहेस, हक्क आहे. त्याला पडदा आणि स्वतःचा दिवा लावून घे. दुसरं, एखाद्या वेळी मैत्रिणीला सोबत न्यायचं कबूल करून घे. गाडीत बेल्टची जागा आहे का ते आधी मोजून ठेव, म्हणजे 'जागा नाही' हे उत्तर चालणार नाही. तिसरं, मुक्कामांपैकी एक तू निवडणार असं ठरव. आईबाबांनीही हे वाचावं म्हणून छापतेय. मुलीला ओझ्यासारखं नेऊ नका. तिला ट्रेलर मागे घेताना दिशा सांगायला उभं करा, चौदा वर्षांच्या मुलांना वडिलांना 'थांबा' म्हणायला फार आवडतं.

अशी गाडी घेण्याइतके पैसे नाहीत. साध्या घरच्या गाडीतून सुरुवात करता येईल?

का नाही? १९५१ मध्ये जर्मनीतल्या वेस्टफालिया कंपनीने फोल्क्सवॅगनच्या व्हॅनसाठी जे पहिलं सामान काढलं ते एक उचलून ठेवता येणारं खोकंच होतं. आठवडाभर गाडी कामाला, सुट्टीत खोकं आत. आजही तीच युक्ती चालते. तंबू, चांगल्या गाद्या, एक शेगडी, पाण्याचा नळ असलेला डबा. पैसे गाद्यांवर खर्च करा, बाकी सगळं घरातलं चालतं. गाडीच्या टपावरचा तंबू घ्यायचा असेल तर टपाला चालताना किती भार चालतो तो आकडा पुस्तिकेत पाहा. आणि कापडाचा कोणताही तंबू ओला गुंडाळला असेल तर घरी पोचल्या पोचल्या उघडून वाळवा, नाहीतर दोन-तीन दिवसांत बुरशी धरते आणि तो वास जात नाही.

गाडी आली! पहिलीच सहल दहा दिवसांची आखली आहे, रोज नवा मुक्काम. काय काय घेऊ?

अभिनंदन, आणि आता ती दहा दिवसांची सहल पुढे ढकला. पहिली सहल दोन रात्रींची, घरापासून तासाभराच्या आत, वीज आणि शौचालय असलेल्या जागी. एक रात्र पुरत नाही. पहिल्या रात्री सगळे शोधतच असतात, दुसऱ्या रात्री राहायला लागतात. उजेड असतानाच पोचा. अंधारात मोठी गाडी मागे घेणं नवशिक्याचं काम नाही.

निघण्याआधी गाडीची उंची मीटरमध्ये मोठ्या अक्षरात लिहून समोरच्या काचेखाली चिकटवा, वरचं एसी आणि झरोका धरून. पुलाखाली शिरताना आठवत बसायला वेळ नसतो. रिकाम्या मैदानात तासभर सराव करा. मागच्या चाकांच्या मागे लांब शेपटी असलेली गाडी वळताना शेपटी विरुद्ध बाजूला बाहेर फिरते, पेट्रोल पंपावर आधी तीच घासते. ट्रेलर मागे घेताना हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. मग हात जिकडे, ट्रेलर तिकडे. मागे उभं राहणारं माणूस आरशात दिसलं पाहिजे. दिसेनासं झालं की ब्रेक. मुलं त्या वेळी एका मोठ्या माणसाच्या हाताशी.

पोचल्यावर क्रम महत्त्वाचा. आधी डावी-उजवी बाजू समपातळीत, मग चाकांना ठोकळे, आणि त्यानंतरच ट्रेलर कारपासून सोडायचा. ठोकळ्यांशिवाय सोडलेला ट्रेलर उतारावर कोणाचं ऐकत नाही. गाडी तिरपी असेल तर गॅसवरचा फ्रिज नीट चालत नाही आणि रात्रभर सगळे एका बाजूला घरंगळतात.

गॅसबद्दल मात्र मी विनोद करत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून फरशीलगतची हवेची भोकं वारा लागतो म्हणून बुजवायची नाहीत. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या जागेजवळ हवाच, बटण दाबून तपासलेला. शेगडी गाडी गरम करायला कधीही पेटवायची नाही, आणि कोळशाची शेगडी विझलेली वाटली तरी आत आणायची नाही.

सामानाची यादी तुम्ही मागितली, पण मी न्यायच्या नाही, ठेवून यायच्या वस्तूंची काळजी करते. प्रत्येक मुलाला एक डबा. त्यात मावेल तेच त्याचं, कपडे वेगळे. पत्त्यांचा जोड, टॉर्च प्रत्येकाला स्वतःचा, दाराबाहेर एक मोठी चटई, कारण अर्धी माती तिथेच राहते. भांडी माणशी एक. जास्त आणली की धुतली जात नाहीत. मुलांना कामं वाटून द्या. सहा वर्षांचा मुलगाही ठोकळे मोजून आणतो.

निघताना सगळे बसले की एकट्याने गाडीभोवती पूर्ण फेरी मारा. पायरी आत, वायर काढलेली, गॅस बंद, झरोका खाली, कपाटांचे खटके लागलेले, ठोकळे उचललेले. यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि पाठ झाली तरी वाचूनच फेरी मारा. फेरीच्या वेळी कोणी काही विचारलं तर फेरी पहिल्यापासून.